वर्गसमीकरणाला चार उत्तरं कधी येतात? गणिताच्या पदवीत नेमकं काय शिकवतात

बी.एस्सी.ला गणित घेतलं की घरात एक प्रश्न हमखास येतो. बारावीपर्यंत एवढं गणित झालं, आता आणखी काय उरलं? विषयांची यादी वाचून तर गोंधळ वाढतोच. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, ग्रुप थिअरी, रिंग थिअरी, रिअल ॲनालिसिस. दुसऱ्या टोकाला डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) किंवा बी.एड. करणारे विद्यार्थी असतात. त्यांच्या गणिताच्या पेपरात स्थानिक किंमत, अपूर्णांक, दशांश, क्षेत्रफळ. या दोन टोकांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं ना पहिल्यांना वाटतं, ना दुसऱ्यांना.

संबंध आहे, आणि अगदी जवळचा आहे. शाळेत ‘नियमच आहे तो, लक्षात ठेव’ म्हणून जे प्रश्न मिटवले गेले, त्यातल्या बहुतेकांची उत्तरं पदवीच्या गणितात आहेत. ती तिथे आहेत हे मात्र फार कमी वर्गांत कुणी सांगतं. म्हणून इथे अभ्यासक्रमाची यादी वाचून दाखवण्याऐवजी शाळेतले चार-पाच नियम घेऊ आणि त्यांचा माग काढत पुढे जाऊ.

सुरुवात अपूर्णांकांच्या भागाकारापासून. पावणेदोन भागिले अर्धा. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, म्हणजे ७/४ × २, उत्तर साडेतीन. सहावी-सातवीतलं मूल हे करतं. आता त्याच मुलाला सांगा, ‘या भागाकाराचं एक शाब्दिक उदाहरण तयार कर.’ बहुतेक मुलं ‘पावणेदोन भाकऱ्या दोघांत वाटल्या’ असं काहीतरी रचतात. पण तो दोनने भागाकार झाला, अर्ध्याने नव्हे. बरोबर उदाहरण असं: पावणेदोन लिटर दूध अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरायचं आहे, किती पिशव्या भरतील? साडेतीन. भागून उत्तर मोठं का आलं, हेही इथे आपोआप दिसतं.

उलटा का करायचा? एक लिटरमध्ये अर्धा लिटर दोनदा बसतो, म्हणून पावणेदोन लिटरमध्ये पावणेदोनच्या दुप्पट वेळा बसेल. अर्ध्याऐवजी दोन तृतीयांश असेल तर तो एकात दीड वेळा, म्हणजे ३/२ वेळा बसतो. कुठलाही अपूर्णांक एकात किती वेळा बसतो, ती संख्या म्हणजे त्याचा गुणाकार व्यस्त. उलटा करण्यामागे एवढीच गोष्ट आहे.

हाच प्रश्न लिपिंग मा या संशोधिकेने अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना विचारला होता. तिचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांचं उत्तर पूर्ण बरोबर आलं, आणि योग्य शाब्दिक उदाहरण रचता आलं ते फक्त एकाला. सगळ्या ७२ चिनी शिक्षकांचं उत्तर बरोबर होतं आणि त्यातल्या ६५ जणांना उदाहरणही नीट रचता आलं. खरी विचार करायला लावणारी बाब पुढे आहे. हे चिनी शिक्षक नववीपर्यंत शिकून दोन-तीन वर्षांचं अध्यापन प्रशिक्षण घेतलेले होते. अमेरिकन शिक्षक पदवीधर होते. म्हणजे कॉलेजात जास्त वर्षं काढली की शाळेचं गणित आपोआप पक्कं होतं, असं नाही. जे शिकवायचं आहे त्याच्या मुळाशी जाणारं गणित शिकावं लागतं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत प्राथमिक शिक्षक होणाऱ्यांसाठी गणित विभागच वेगळे कोर्स चालवतात, ते यासाठीच. पूर्ण संख्या, स्थानिक किंमत, अपूर्णांक हेच विषय, पण प्रत्येक पायरीला ‘का’ विचारत. आपल्याकडे डी.एल.एड.ला येणाऱ्या अनेकांचं गणित दहावीनंतर सुटलेलं असतं, त्यामुळे असा कोर्स इथे कितीतरी जास्त गरजेचा आहे, आणि तो ‘सोपा पेपर’ म्हणून उरकण्याची पद्धत मला मनापासून खटकते.

आता दुसरा नियम. ऋण गुणिले ऋण धन. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण संख्यांचे जे नियम लिहिले, त्यात हा आहे. पण का? वजा तीन गुणिले वजा पाच घ्या. पाच आणि वजा पाच यांची बेरीज शून्य, आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. म्हणून

(−३) × (५ + (−५)) = ०.

कंस सोडवा. पहिला भाग (−३) × ५, म्हणजे तीन रुपयांचं कर्ज पाच वेळा, वजा पंधरा. दुसरा भाग (−३) × (−५). दोन्हींची बेरीज शून्य यायची असेल तर दुसरा भाग अधिक पंधराच असायला हवा. दुसरा पर्यायच नाही. ब्रह्मगुप्ताचा नियम सोडून दुसरा कुठलाही नियम मानला तर कंस सोडवण्याची रीत, म्हणजे वितरणाचा गुणधर्म, मोडून पडतो.

ही चार ओळींची सिद्धता तिसऱ्या वर्षाच्या रिंग थिअरीच्या पहिल्या दोन-तीन तासांत येते. रिंग म्हणजे अशी व्यवस्था जिथे बेरीज आणि गुणाकार आहेत आणि त्यांना जोडणारा वितरणाचा गुणधर्म आहे. पूर्णांक ही एक रिंग, बहुपदींची एक रिंग, चौरस मॅट्रिक्सांची एक. एकदा सिद्ध केलेली गोष्ट सगळीकडे लागू. वर्गात मात्र ही सिद्धता फळ्यावर येते आणि पुसली जाते. ‘सातवीत तुम्हाला हेच न सांगता पाठ करायला लावलं होतं’ हे एक वाक्य कुणी बोललं, तर समोर बसलेल्या भावी शिक्षकांसाठी तो तास बदलून जाईल.

ग्रुप त्याहून साधा. क्ष + ५ = ९ हे समीकरण घ्या. शाळेत शिकवतात, ‘पाच पलीकडे गेला की वजा होतो.’ पलीकडे काही जात नसतं. दोन्ही बाजूंत वजा पाच मिळवले जातात. डाव्या बाजूला (क्ष + ५) + (−५) होतं, त्याचे कंस सरकवून क्ष + (५ + (−५)), मग क्ष + ०, आणि शेवटी क्ष. या तीन ओळींत काय काय वापरलं ते बघा. दोन संख्यांची बेरीज ही पुन्हा त्याच कुळातली संख्या असते. कंस सरकवता येतात. शून्य मिळवून काही बदलत नाही. प्रत्येक संख्येला तिची विरुद्ध संख्या असते. ग्रुपची व्याख्या म्हणजे हेच चार गुणधर्म. एखादं साधं समीकरण सोडवायला कमीत कमी काय लागतं, त्याची ती यादी आहे. ती फळ्यावर आकाशातून पडल्यासारखी लिहिली जाते, म्हणून रुक्ष वाटते.

शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. दहावीतलं समीकरण, क्ष² − ५क्ष + ६ = ०. अवयव पाडले की (क्ष − २)(क्ष − ३) = ०. मग आपण म्हणतो, ‘गुणाकार शून्य आहे, म्हणून एक तरी कंस शून्य.’ उत्तरं २ आणि ३. या ‘म्हणून’वर कुणी थांबत नाही.

थांबू या. समजा आपलं घड्याळ सहाच तासांचं आहे आणि त्यावर ०, १, २, ३, ४, ५ एवढेच आकडे आहेत. सहा झाले की पुन्हा शून्य. इथे ४ + ३ = १, आणि २ × ३ = ०. हेच समीकरण या घड्याळावर सोडवा. २ आणि ३ ही उत्तरं आहेतच. आता क्ष = ५ टाकून पाहा. पहिला कंस ३, दुसरा २, गुणाकार ६, म्हणजे शून्य. पाचही उत्तर! क्ष = ० टाका. वजा दोन गुणिले वजा तीन, पुन्हा ६, पुन्हा शून्य. चौथं उत्तर. वर्गसमीकरणाला चार उत्तरं आली, आणि हिशेबात कुठेही चूक नाही.

झालं असं की या घड्याळावर दोन संख्या स्वतः शून्य नसतानाही त्यांचा गुणाकार शून्य होऊ शकतो, त्यामुळे तो ‘म्हणून’ इथे चालत नाही. सहाऐवजी सात तासांचं घड्याळ घेतलं तर उत्तरं पुन्हा दोनच येतात, कारण सात मूळ संख्या आहे आणि तिथे शून्य नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार कधीच शून्य होत नाही. दहावीच्या पुस्तकातली अवयव पद्धत ज्या गुणधर्मावर उभी आहे, त्याला रिंग थिअरीत स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या शिक्षकाने हे सहाचं घड्याळ एकदा हाताने करून पाहिलं आहे, तो अवयव पाडल्यावर ‘म्हणून’ म्हणताना दोन सेकंद थांबतोच. आणि ‘(क्ष − २)(क्ष − ३) = ६, म्हणून क्ष − २ = ६ किंवा क्ष − ३ = ६’ असं लिहिणाऱ्या मुलाची नेमकी कुठे गफलत झाली, हे त्याला पटकन कळतं. शून्याचा हा गुण सहाला नाही.

समीकरणांची गोष्ट इथून खूप लांब जाते. वर्गसमीकरणाला सूत्र आहे. तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांची सूत्रं कार्दानोने १५४५ मध्ये छापली. पाचव्या घातासाठी मात्र तसं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केलं. कुठल्या समीकरणाला सूत्र निघेल आणि कुठल्याला नाही, याचं पूर्ण उत्तर देताना एव्हारिस्त गाल्वा या तरुणाने ग्रुपची कल्पना वापरली. १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात तो मेला तेव्हा वीस वर्षांचा होता. याच अंगाने वांत्झेलने १८३७ मध्ये दाखवलं की फक्त पट्टी आणि कंपास वापरून ६० अंशांच्या कोनाचे तीन समान भाग करता येत नाहीत. भूमितीच्या तासाला एखाद्या मुलीने विचारलं की कोनाचे दोन भाग होतात तर तीन का नाहीत, तर त्याचं उत्तर अल्जेब्रात आहे.

लिनिअर अल्जेब्रावर फार थांबत नाही, कारण त्याचे उपयोग हल्ली सगळीकडे सांगितले जातात. एकच जागा दाखवतो. राज्य मंडळाच्या दहावीत दोन चलांची दोन समीकरणं एकत्र सोडवायला क्रेमरची पद्धत असते. निश्चयक काढायचा, भागाकार करायचा, उत्तर लिहायचं. निश्चयक म्हणजे काय, हा प्रश्न तिथे येत नाही. आलेख कागदावर शून्यापासून दोन बाण काढा, एक (३, १) पर्यंत आणि दुसरा (१, २) पर्यंत. त्या बाजूंवर समांतरभुज चौकोन पूर्ण करा. त्याचं क्षेत्रफळ ३ × २ − १ × १ = ५. हाच निश्चयक.

आता २क्ष + ४य = ६ आणि क्ष + २य = ५ ही जोडी घ्या. निश्चयक २ × २ − ४ × १ = ०. क्षच्या सहगुणकांचा बाण (२, १) आणि यच्या सहगुणकांचा बाण (४, २) एकाच दिशेचे आहेत, चौकोन चपटा होऊन रेषा झाली, क्षेत्रफळ शून्य. या दोन बाणांची कितीही ओढाताण केली तरी आपण त्याच रेषेवर राहणार, आणि आपल्याला पोचायचं आहे (६, ५) ला, जो बिंदू त्या रेषेवर नाहीच. म्हणून उत्तर नाही. ‘निश्चयक शून्य असेल तर क्रेमरची पद्धत चालत नाही’ या वाक्यामागचं हे चित्र दहावीतही दहा मिनिटांत दाखवता येतं.

राहिला कॅल्क्युलस. बारावीला डेरिव्हेटिव्हची सूत्रं पाठ असतात, त्यामुळे कॉलेजातला पहिला कॅल्क्युलस ओळखीचा वाटतो आणि मग अचानक लिमिटची व्याख्या येऊन पाय अडखळतात. त्या व्याख्येची गरज का पडली ते समजलं की ती सोपी होते.

उंचावरून सोडलेला दगड स सेकंदांत साधारण ४.९ × स² मीटर पडतो. बरोबर दोन सेकंदांनी त्याचा वेग किती? दोन ते २.१ सेकंद या काळातला सरासरी वेग काढला तर २०.०९ येतो. दोन ते २.०१ मध्ये १९.६४९. दोन ते २.००१ मध्ये १९.६०४९. आकडे १९.६ कडे चाललेत हे उघड आहे. पण अवधी पूर्ण शून्य केला तर शून्य भागिले शून्य होतं आणि हातात काहीच उरत नाही. न्यूटन आणि लायब्निझ यांनी हा छोटा अवधी भागताना शून्य नाही असं मानलं, आणि शेवटी शून्य मानून सोडून दिला. उत्तरं बरोबर यायची. बिशप बर्कलीने १७३४ मध्ये यावर सडकून टीका केली, आणि तर्काच्या बाजूने त्याचं म्हणणं खरं होतं. ही अडचण दूर व्हायला पुढची शंभरेक वर्षं लागली. १८२१ मध्ये कोशीने आणि नंतर वायरश्ट्रासने लिमिटला आजची काटेकोर व्याख्या दिली.

ती व्याख्या म्हणजे एक आव्हान आणि त्याला उत्तर. तुम्ही म्हणा, ‘सरासरी वेग १९.६ च्या किती जवळ हवा ते सांगा.’ समोरचा म्हणाला, एक शतांशाच्या आत. तुम्ही म्हणता, ‘मग अवधी ०.००२ सेकंदापेक्षा लहान ठेवा, झालं.’ त्याने एक दशलक्षांश मागितला तर तुम्ही अवधी आणखी लहान सांगता. समोरच्याने मागितलेला प्रत्येक जवळपणा तुम्ही गाठून दाखवू शकत असाल, तर लिमिट १९.६ आहे. शून्याने भागण्याची वेळ कधी येतच नाही. मागितलेल्या जवळपणाला एप्सिलॉन म्हणतात, तुम्ही सांगितलेल्या मर्यादेला डेल्टा. परीक्षेसाठी घोकून लिहिल्या जाणाऱ्या त्या ओळीत एवढा एकच संवाद आहे.

याच संवादाने आठवीतला एक जुना वाद मिटतो. ०.९९९… ही संख्या, नऊ कायम चालू. ती एक आहे की एकपेक्षा किंचित कमी? मूल म्हणतं, ‘कितीही नऊ लिहिले तरी थोडं कमी राहतंच ना?’ त्याचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, त्याला चूक म्हणू नये. कुठेही थांबलात तर थोडं कमी राहतं. पण ते तीन टिंब ‘थांबायचं नाही’ असं सांगतात, आणि त्या चिन्हाने दाखवलेली संख्या म्हणजे ०.९, ०.९९, ०.९९९ ही रांग जिच्याकडे जाते ती, म्हणजेच रांगेचं लिमिट. एकशी फरक एक हजारांशापेक्षा कमी हवा? चार नऊ पुरे. कोटीच्या एका भागापेक्षा कमी? आठ नऊ पुरे. कुठलीही मागणी पूर्ण होते, म्हणून ०.९९९… म्हणजे बरोबर एक. केरळच्या माधवाने चौदाव्या-पंधराव्या शतकात दिलेली श्रेणी, १ − १/३ + १/५ − १/७ अशी अखंड चालत पायच्या चौथ्या भागाला पोचणारी, हिचा अर्थही असाच लावावा लागतो.

रिअल ॲनालिसिस हा विषय इथून पुढचा. संख्यारेषेवर सगळे अपूर्णांक ठेवले तरी तिच्यात भोकं राहतात, दोनचं वर्गमूळ हे त्यातलं एक. ती भोकं बुजवायची कशी? डेडेकिंडला हा प्रश्न १८५८ मध्ये पडला, झुरिकमध्ये विद्यार्थ्यांना कॅल्क्युलस शिकवताना. आपण जे शिकवतोय त्याला पक्का आधार नाही हे त्याला स्वस्थ बसू देईना. त्याचं उत्तर १८७२ मध्ये प्रसिद्ध झालं. आज संख्यारेषेचा पाया म्हणून जे शिकवलं जातं, त्यातला मोठा भाग असा एका शिक्षकाच्या अस्वस्थतेतून आलेला आहे.

आपल्याकडचं उदाहरण देवळालीचं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर तिथे शाळेत शिकवायचे. फर्ग्युसनमधून पदवी, पुढचं औपचारिक शिक्षण नाही. १९४९ मध्ये त्यांनी मांडलेली गंमत आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. चारही अंक सारखे नसतील अशी कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरा). जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं. दर पायरीला येणारी वजाबाकी नऊने का भागली जाते, हे एवढंच जरी मुलांना शोधायला दिलं तरी स्थानिक किंमत किती खोल समजली आहे ते कळतं.

शाळा आणि विद्यापीठ यांच्यातली ही तूट जुनी आहे. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइनने १९०८ मध्ये शिक्षकांसमोर व्याख्यानं देताना ती नेमकी सांगितली होती. विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा तिथल्या गणिताचा शाळेशी काही संबंध त्याला दिसत नाही. पदवी घेऊन शिक्षक म्हणून शाळेत परततो तेव्हा विद्यापीठातलं काही उपयोगी पडताना दिसत नाही, आणि तो आपल्याला जसं शिकवलं गेलं तसंच शिकवू लागतो. मधली वर्षं नुसती एक आठवण उरते. क्लाइनची ती व्याख्यानं हा तुटलेला दुवा जोडण्यासाठीच होती.

आपल्याकडची रचना साधारण अशी. पहिल्या वर्षी कॅल्क्युलस आणि संख्यांचा अल्जेब्रा, दुसऱ्या वर्षी अनेक चलांचा कॅल्क्युलस, डिफरन्शिअल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जेब्रा, तिसऱ्या वर्षी ग्रुप, रिंग आणि ॲनालिसिस. विद्यापीठागणिक थोडं मागेपुढे होतं. शिक्षक व्हायचं तर पदवीनंतर बी.एड. तिथे अध्यापनाच्या पद्धती शिकवल्या जातात, पण ऋण गुणिले ऋणचा रिंग थिअरीशी असलेला धागा ना बी.एस्सी.वाले जोडतात, ना बी.एड.वाले. दोघांनाही वाटतं की ते दुसऱ्याचं काम.

मला वाटतं ते बी.एस्सी.च्या शिक्षकांनी उचलावं, कारण सिद्धता त्यांच्या हातात आहे, आणि त्यासाठी अभ्यासक्रम बदलायची वाट पाहायची गरज नाही. तिसऱ्या वर्षाच्या रिंग थिअरीच्या पेपरात एक प्रश्न असा घाला: ‘(क्ष − २)(क्ष − ३) = ६ हे समीकरण दहावीतल्या मुलाने चुकीचं सोडवलं आहे. त्याची चूक त्याला समजेल अशा शब्दांत दाखवा, आणि सहा तासांच्या घड्याळावर क्ष² − ५क्ष + ६ = ० ची सगळी उत्तरं काढून कारण लिहा.’ ॲनालिसिसच्या पेपरात दुसरा: ‘०.९९९… = १ हे आठवीच्या वर्गाला समजावून सांगा, आणि तेच लिमिटच्या व्याख्येने सिद्ध करा.’ प्रत्येकी दहा गुण. जे विचारलं जातं त्याचा अभ्यास होतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला पक्कं ठाऊक आहे.